बारा जणांतून तिघे: २२० की १३२०, आणि सरपंचापासून मुख्यमंत्र्यांपर्यंत खरी निवड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मंडळात १२ सभासद आहेत. त्यांतून अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार किती प्रकारे निवडता येतील? तुम्ही काढलंत २२०, उत्तरसूचीत आहे १३२०. पुढच्याच पानावर '१२ जणांतून तिघांची समिती' असं गणित आहे आणि तिथं मात्र २२० बरोबर धरलंय. दोन्हीकडे बारातून तिघंच घ्यायचेत, मग उत्तर वेगळं का? शिवाय जाता जाता तुम्ही असंही विचारलंय की सरपंच, महापौर, मुख्यमंत्री यांची निवड या गणितात कुठं बसते. आणि शेवटी दोन भावांचं एक गणित पाठवलंय, त्याचं दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडली म्हणून.

मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला २४ वर्षं गणित शिकवते. संध्याकाळी सरळसेवा आणि राज्यसेवेची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात. निवडणुकीची ड्युटी शिक्षकांना चुकत नाही, त्यामुळं केंद्राध्यक्ष म्हणून आणि मतमोजणीच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले आहे. म्हणून तुमच्या दोन्ही प्रश्नांवर मनापासून लिहिते.

तुम्हाला सूत्रं येतात, अडचण तिथं नाही. २२० काढताना तुम्ही १२ × ११ × १० ला ६ नं भागलंत आणि नीट भागलंत. पण भागायचं कशासाठी, हे स्वतःला विचारायचं राहिलं. मुलांनी एक खूणगाठ बांधलेली असते: 'निवडा' दिसलं की कॉम्बिनेशन (क्रम न बघता निवड), 'मांडा' किंवा 'रचना' दिसलं की परम्युटेशन (क्रमानं मांडणी). 'पदाधिकारी निवडा' यात 'निवडा' आहे, म्हणून भागाकार करून मोकळे. ही खूणगाठ सोडून द्या. शब्द बघू नका, खुर्च्या बघा.

वर्गात मी खरोखरच तीन खुर्च्या फळ्यासमोर ओढून घेते. पाठीवर खडूनं एकेक अक्षर लिहिते: अ, स, ख. तीन मुलांना बोलावून बसवते. मग त्यांना जागा बदलायला सांगते आणि वर्गाला विचारते, मंडळ तेच राहिलं का? लगेच गलका होतो. खजिनदाराच्या खुर्चीत आता दुसरं माणूस आलं, म्हणजे चेकवर सही दुसऱ्याची, वर्गणीच्या पावतीपुस्तकाला जबाबदार दुसरा. मग मी डस्टर घेते, तिन्ही खुर्च्यांवरची अक्षरं पुसून टाकते आणि पुन्हा जागा बदलायला लावते. आता काय बदललं? थोडा वेळ शांतता. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "काही नाही मॅडम, तीच तिघं."

सगळं गणित त्या डस्टरमध्ये आहे. खुर्च्यांवर नावं आहेत तोवर तेच तिघे ६ वेगवेगळ्या प्रकारे बसतात आणि प्रत्येक प्रकार हा वेगळा निकाल असतो. नावं पुसली की ते सहाही प्रकार एकच होतात. म्हणून समितीच्या गणितात ६ नं भागायचं आणि पदाधिकाऱ्यांच्या गणितात भागायचं नाही. २२० × ६ = १३२०. म्हणजे तुमचं २२० चुकलेलं नव्हतं, अर्ध्या वाटेवर थांबलेलं होतं. तिघं कोण ते तुम्ही ठरवलंत, कोण कुठं बसणार ते ठरवायचं राहिलं.

हे दोन टप्पे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत. बारातून आधी अध्यक्ष, मग उरलेल्या अकरातून सचिव, मग दहातून खजिनदार असं करा, किंवा आधी तिघं निवडा आणि त्यांना आपसांत पदं वाटून घेऊ द्या. दोन्ही वाटांनी १३२०च.

भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत हेच उदाहरण किती देखणं करून घातलंय बघा. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, त्रिशूळ अशी दहा आयुधं. ती हातांत अदलाबदल केली तर मूर्तीचे किती भेद होतील? उत्तर ३६,२८,८००. तिथं प्रत्येक हात हीच वेगळी खुर्ची आहे. त्याच उदाहरणात चार हातांच्या हरीचे गदा, चक्र, कमळ, शंख बदलून २४ भेद होतात. ज्यांनी देवळात विष्णूच्या वेगवेगळ्या मूर्ती पाहिल्यात, कुठल्या हातात काय आहे त्यावरून नाव बदलतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना क्रमाचं महत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही.

आता उत्तर 'परिस्थितीवर अवलंबून' असतं म्हणतात ते कसं, ते बघू. पेठेतल्या तालमीची किंवा गणेश मंडळाची कार्यकारिणी घ्या. बऱ्याचदा एक अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष आणि एक सचिव असतात. बारा जणांतून हे चौघे किती प्रकारे? १२ × ११ × १० × ९ = ११,८८० असं उत्तर बरीच मुलं देतात. पण दोन्ही उपाध्यक्षांच्या खुर्च्यांवर एकच अक्षर आहे; त्या दोघांनी जागा बदलली तर काहीच बदलत नाही. म्हणून अध्यक्षाचे १२, अकरातून दोन उपाध्यक्षांचे ५५, सचिवाचे ९: १२ × ५५ × ९ = ५,९४०. गणितात 'पहिला उपाध्यक्ष' आणि 'दुसरा उपाध्यक्ष' असं लिहिलं असेल तर मात्र ११,८८० बरोबर. एका शब्दानं उत्तर दुप्पट होतं.

दुसरी अट बहुतेक गणितांत न लिहिता गृहीत धरलेली असते: एका माणसाकडं एकच पद. ती काढून टाकली तर तिन्ही पदांसाठी दर वेळी बाराही जण उपलब्ध, म्हणजे १२ × १२ × १२ = १,७२८. मंडळात असं चालत नाही, पण मंत्रिमंडळात चालतं. एकाच मंत्र्याकडं दोन-तीन खाती असतात, मुख्यमंत्री स्वतःकडंही खाती ठेवतात. म्हणून 'खात्यांचं वाटप' आणि 'पदाधिकाऱ्यांची निवड' ही दिसायला जुळी गणितं असली तरी उत्तरं वेगळी येतात.

आता ज्या सापळ्यात हुशार मुलंही सापडतात तो. बारांत ७ पुरुष आणि ५ महिला आहेत. तीन पदाधिकाऱ्यांत किमान एक महिला हवी. मुलं काय करतात? म्हणतात, आधी एक महिला पक्की करू: ५ प्रकार. तिला तीनपैकी एक पद देऊ: ३ प्रकार. उरलेली दोन पदं उरलेल्या अकरातून: ११ × १०. गुणाकार १,६५०. वाचताना कुठंच खटकत नाही. पण थांबा. काहीच अट नव्हती तेव्हा एकूण प्रकार १,३२० होते. अट घातल्यावर वाढले कसे?

मी हे उत्तर फळ्यावर तसंच ठेवते आणि मुलांना चूक शोधायला लावते. अध्यक्ष सुनीता, सचिव रेखा, खजिनदार कुणीतरी पुरुष असा निकाल घ्या. एकदा तो 'पक्की केलेली महिला सुनीता' म्हणून मोजला गेला आणि दुसऱ्यांदा 'पक्की केलेली महिला रेखा' म्हणून. दोन महिला असलेला प्रत्येक निकाल दोनदा, तीन महिला असलेला तीनदा. सरळ वाट अशी: एकही महिला नाही असे निकाल ७ × ६ × ५ = २१०; ते वजा करा, १३२० − २१० = १,११०. खात्री हवी असेल तर एकेक करून मोजा: नेमकी एक महिला ६३०, नेमक्या दोन ४२०, तिन्ही महिला ६०, बेरीज १,११०. परीक्षेत वेळ नसतो हे मला माहीत आहे, तरी एवढं तपासायला पाच सेकंद लागतात: अट घालून आलेलं उत्तर बिनअटीच्या उत्तरापेक्षा मोठं आलं, तर पेन खाली ठेवायचं आणि कुठं दोनदा मोजलं ते शोधायचं.

पहिला भाग इथं संपला. आता खऱ्या निवडीकडं.

मघाचे दोन टप्पे आठवा: सगळ्यांनी थेट अध्यक्ष निवडायचा, की आधी मंडळ निवडायचं आणि मंडळानं आपल्यातून अध्यक्ष निवडायचा. गणिताला दोन्ही सारखेच, १३२०. लोकांच्या दृष्टीनं मात्र त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या राज्यानं हा फरक अलीकडंच अनुभवला. २०१७ पासून सरपंच थेट गावानं निवडायचा कायदा आला. २०२० मध्ये तो बदलून निवड पुन्हा सदस्यांकडं गेली. २०२२ मध्ये परत थेट निवड आली. गावं तीच, माणसं तीच. शेवटचा शब्द कुणाचा, एवढंच तीनदा बदललं.

यावर परीक्षेत गणित येऊ शकतं. ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात. आपण ९ घेऊ. सदस्यांनी आपल्यातून सरपंच आणि उपसरपंच निवडायचे असतील तर ९ × ८ = ७२. सरपंचपद महिलेसाठी राखीव असेल आणि नवांत ५ महिला असतील (महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळं नवांत पाच राखीव जागा येतात), तर आधी राखीव खुर्ची भरायची: ५ × ८ = ४०. उलट सुरुवात केलीत, म्हणजे उपसरपंच आधी घेतलात, तर अडकाल. कारण उपसरपंच महिला झाली तर सरपंचपदासाठी ४ उरतात, पुरुष झाला तर ५. तसंही उत्तर येतं, ५ × ४ + ४ × ५ = ४०, पण दोन भाग करावे लागतात. जिच्यावर अट आहे ती खुर्ची आधी भरावी, ही सवय लावून घ्या. थेट निवडणुकीत मात्र सरपंचाच्या खुर्चीला सदस्यसंख्येशी काही देणंघेणं नाही. सरपंचपदाला ४ उमेदवार उभे असतील तर ४ × ९ = ३६, कारण उपसरपंच अजूनही नऊ सदस्यांतूनच निवडला जातो.

महापौराची निवड अप्रत्यक्ष आहे. कोल्हापूर महापालिकेत ८१ नगरसेवक. महापौर आणि उपमहापौर हेच नगरसेवक आपल्यातून निवडतात. कागदावर ८१ × ८० = ६,४८० निकाल शक्य. पद महिलेसाठी राखीव निघालं आणि सभागृहात ४१ महिला असतील तर ४१ × ८० = ३,२८०. प्रत्यक्षात सभागृहात हात वर होतात तेव्हा समोर दोन किंवा तीन नावं असतात. कारण पक्षांचे आणि आघाड्यांचे गट विभागीय आयुक्तांकडं नोंदवलेले असतात, गटनेता व्हिप (मत कुणाला द्यायचं याचा आदेश) काढतो, आणि व्हिप मोडला तर १९८६ च्या कायद्याखाली सदस्यत्व जाऊ शकतं. सूचक आणि अनुमोदक मिळाल्याशिवाय अर्जच होत नाही. म्हणजे गणितातले '८१ जण' हे उमेदवार नसतात, उमेदवार होऊ शकणारे असतात. तुमच्या मंडळाच्या गणितातही हेच लपलेलं आहे: बाराही जण कुठलंही पद घ्यायला तयार आहेत, असं आपण धरून चाललो. पेठेतल्या बैठकीत एकच नाव पुढं येतं, दुसरा कुणी उभा राहत नाही आणि निवड बिनविरोध होते. त्या दिवशी निकालांची संख्या १.

त्याच महापालिकेत मला सर्वांत आवडणारं एक उदाहरण आहे. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि पहिल्या वर्षाअखेर त्यांतले निम्मे, म्हणजे ८, चिठ्ठ्या टाकून निवृत्त होतात. सोळातून आठ किती प्रकारे? १२,८७०. बाहेर पडणाऱ्या आठ जणांना पदं नाहीत, म्हणून भागायचं. पण मला दाखवायचंय ते वेगळंच. इथं हे १२,८७० प्रकार सगळे सारख्याच शक्यतेचे आहेत, कारण निवडणारा हात डबीत जातो आणि डोळे तिथं पोचत नाहीत. प्रत्येक सदस्याची बाहेर पडण्याची शक्यता नेमकी निम्मी. महापौराच्या ६,४८० निकालांबद्दल असं काहीही म्हणता येत नाही. मुलं 'एकूण प्रकार' मिळाले की लगेच 'अमुक निवडून येण्याची संभाव्यता एक छेद अमुक' असं लिहितात. ते फक्त सोडतीत खरं. निवडणुकीत माणसं विचार करून, नाती बघून, कामं आठवून, शब्द पाळून मतं देतात; तिथं सगळे निकाल सारखे नसतात.

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत मी एकदा मुलांना मुद्दाम दाखवायला नेली होती. टेबलावर पारदर्शक बरणी, सारख्या आकाराच्या चिठ्ठ्या सारख्याच घडीच्या, आणि चिठ्ठी काढायला प्राथमिक शाळेतली एक लहान मुलगी. प्रत्येक चिठ्ठी बरणीत टाकण्याआधी अधिकारी ती उघडून सभागृहाला दाखवत होते. मुलांना मी विचारलं, घडी सारखीच का हवी? त्यांनी लगेच सांगितलं: नाहीतर बोटांना ओळखू येईल. संभाव्यतेचा अख्खा पाया त्या घडीवर उभा आहे.

सहकाराशिवाय आमच्या जिल्ह्यातली निवडणूक पुरी होत नाही, म्हणून तेही सांगते. गोकुळ दूध संघाच्या २०२१ च्या निवडणुकीत २१ संचालक निवडायचे होते. तिथं गवळ्याच्या घरचा माणूस थेट मत देत नाही. गावोगावच्या दूध संस्था ठराव करून आपला प्रतिनिधी ठरवतात आणि ते ठरावधारक मतदान करतात. पुढं अध्यक्ष संचालकांतून. म्हणजे दुधाच्या किटलीपासून अध्यक्षाच्या खुर्चीपर्यंत मध्ये दोन-तीन पायऱ्या.

आता मतपत्रिका हातात घेतलेल्या मतदाराच्या जागी स्वतःला ठेवा. समजा एखाद्या संस्थेत सर्वसाधारण गटात १६ जागा आहेत आणि ३० उमेदवार. १६ शिक्के नेमके किती प्रकारे मारता येतील? १४,५४,२२,६७५. साडेचौदा कोटी. सोळापेक्षा कमी शिक्के मारायची मुभा धरली तर आणखी वाढतील. पॅनेल का बनतात याचं कारण या आकड्यात आहे. चिन्ह कपबशी की विमान एवढं ठरलं की साडेचौदा कोटींचे दोन होतात. मतमोजणीच्या टेबलावर हे डोळ्यांना दिसतं. आम्ही मतपत्रिका उघडून आधी 'पॅनेल टू पॅनेल', म्हणजे सगळे शिक्के एकाच पॅनेलला असलेल्या, वेगळ्या काढतो, त्यांचे गठ्ठे बांधतो. ते काम भराभर उरकतं. मग उरतात क्रॉस मतदानाच्या, म्हणजे दोन्हीकडची नावं निवडलेल्या पत्रिका, प्रत्येक वेगळी. एकजण नावं वाचतो, दुसरा तक्त्यावर रेघा ओढतो, पाचवी रेघ आडवी. रात्र जाते ती या पत्रिकांवर. पण मला त्याच जवळच्या वाटतात. कुणीतरी आडोशाच्या मागं उभं राहून तीस नावांतून एकेक माणूस पारखलेलं असतं. आणि एखादी पत्रिका येते तिच्यावर सोळाऐवजी सतरा शिक्के असतात. त्या गटाचं अख्खं मत बाद. ती बाजूला ठेवताना दर वेळी वाईट वाटतं.

क्रमाला महत्त्व असलेली मतपत्रिका बघायची असेल तर शिक्षक मतदारसंघाची बघा. विधान परिषदेच्या पुणे विभाग शिक्षक मतदारसंघात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पुणे हे जिल्हे येतात, आणि मी तिथली मतदार आहे. बटण नाही, शिक्का नाही. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केच पेनानं नावापुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे. पहिली पसंती लिहिलीच पाहिजे, पुढच्या ऐच्छिक. ५ उमेदवार असतील तर वैध मत किती प्रकारे देता येईल? एकच पसंती ५, दोन २०, तीन ६०, चार १२०, पाचही १२०, एकूण ३२५. इथं भागाकार कुठंच नाही, कारण १ आणि २ ची अदलाबदल म्हणजे वेगळं मत. राष्ट्रपतींची निवडही याच पद्धतीनं होते, फक्त मतदार खासदार आणि आमदार, आणि मतांना मूल्य असतं. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य १७५ होतं: १९७१ च्या जनगणनेतली राज्याची लोकसंख्या भागिले २८८ आमदार, भागिले १०००. खासदाराच्या मताचं मूल्य तेव्हा ७०० होतं.

आता मुख्यमंत्री. तुम्ही लिहिलंय, "२८८ आमदारांतून एक, म्हणजे २८८ प्रकार ना?" नाही. इथं गणिताची चौकटच वेगळी आहे. घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदाप्रमाणं मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यानं. सभागृहात 'मुख्यमंत्रिपदाची निवडणूक' नावाचं मतदान नसतं. बहुमताच्या पक्षाचे किंवा आघाडीचे आमदार आपला नेता ठरवतात. त्याच्यामागं १४५ आमदार आहेत का, हा प्रश्न आला तर त्याचा निवाडा सभागृहात व्हायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं बोम्मई खटल्यात १९९४ साली स्पष्ट केलं. शिवाय तो माणूस शपथ घेताना आमदार असलाच पाहिजे असंही नाही. सहा महिन्यांत कुठल्याही एका सभागृहाचा सदस्य झाला की पुरे. उद्धव ठाकरे यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. मे २०२० मध्ये ते विधान परिषदेवर गेले. म्हणजे २८८ हा आकडा 'कितीतून' या प्रश्नाचं उत्तर नाही, 'किती जणांच्या पाठिंब्यानं' याचं आहे. पंतप्रधानांचंही तसंच: नेमणूक राष्ट्रपती करतात, पाठिंबा लोकसभेच्या ५४३ जागांतून २७२ चा लागतो.

मंत्रिमंडळाच्या आकाराला मात्र आकड्याची मर्यादा आहे. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्के केली. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे मुख्यमंत्री धरून जास्तीत जास्त ४३. उपमुख्यमंत्री हे पद घटनेत वेगळं सांगितलेलं नाही. घटनेच्या नजरेत ते मंत्रीच. म्हणून 'मुख्यमंत्री, दोन उपमुख्यमंत्री आणि इतर मंत्री' असं गणित आलं तर खुर्च्यांवरची अक्षरं गणितातल्या वाक्यावरून ठरवा, राज्यघटनेवरून नको.

निवडणारा एक असला काय आणि हजार असले काय, संभाव्य निकालांची संख्या तीच राहते, हे मी अष्टप्रधानांवरून समजावते. शिवछत्रपतींच्या मंडळात आठ पदं: पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. आठ माणसं, आठ वेगळ्या खुर्च्या, ४०,३२० मांडण्या. निवडणारा एकच, आणि त्याला माणसांची पारख होती. न्यायाधीश आणि पंडितराव सोडून बाकीच्या प्रधानांना वेळ पडल्यास लढाईवर जावं लागे, म्हणजे सहा खुर्च्यांवर अट होती. आठांतले दोघे लढाईला जाऊ शकणारे नसतील तर ती दोघंच त्या दोन खुर्च्यांवर (२ प्रकार) आणि बाकीचे सहा उरलेल्या सहा खुर्च्यांवर (७२० प्रकार): २ × ७२० = १,४४०. एका अटीनं चाळीस हजारांचे दीड हजारांच्या आत आले.

राहिलं तुमचं दोन भावांचं गणित. 'बारा जणांत दोघे सख्खे भाऊ आहेत. ते एकत्र पदाधिकारी नसावेत', आणि एका पुस्तकात उत्तर १,२६०, दुसऱ्यात १,३००. दोन्ही गणितं पुन्हा शब्दन् शब्द वाचा, कारण उत्तरं दोन्ही बरोबर असू शकतात. दोघे भाऊ एकाच वेळी कुठल्याही दोन पदांवर नकोत असं असेल, तर वजा करायचे निकाल असे: मोठ्या भावाला तीनपैकी एक पद, धाकट्याला उरलेल्या दोनपैकी एक, तिसरं पद दहातून एकाला. ३ × २ × १० = ६०; म्हणून १३२० − ६० = १,२६०. पण 'एक अध्यक्ष आणि दुसरा खजिनदार असू नये' असं लिहिलं असेल, म्हणजे पैशाच्या कागदावर एकाच घरच्या दोन सह्या नकोत एवढीच अट असेल, तर वजा करायचे २ × १० = २० आणि उत्तर १,३००. तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या फोटोत ओळीचा शेवट कापला गेलाय आणि '...व खजिनदार' एवढंच दिसतंय. मला वाटतं तिथं ही दुसरी अट आहे. पुस्तक काढून ती ओळ पूर्ण वाचा आणि मला कळवा.